आधी लादायचं, मग बसायचं

माझी पहिली मोटरसायकल आमच्या घरमालकीणबाईंनी दीड महिना दारात बांधून ठेवली होती. बांधून म्हणजे अगदी दाव्यानं. पुढच्या चाकातून लोकरीचा काळा दोर ओवून तो अंगणातल्या खुंटीला गुंडाळला होता. शेजारच्या खुंटीला त्यांची जर्सी गाय, पलीकडे दोन शेळ्या, आणि मधे माझी लालचुटूक गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. संध्याकाळी त्या गायीला वैरण टाकत, शेळ्यांना पाला टाकत, आणि गाडीपाशी आल्या की टाकीवरून हात फिरवून पुढं जात. मी एकदा वैतागून म्हणालो, "आक्का, हिला पेट्रोल लागतं, हात नाही."

"प्याट्रोल काय, कुणीबी घालंल," त्या म्हणाल्या आणि धारेला बसल्या.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यात कळसला दूध सोसायटीच्या नोकरीत होतो. काम गायी भरवण्याचं. कुणाची गाय माजावर आली की निरोप यायचा, आणि मी जाऊन जातिवंत वळूच्या गोठवलेल्या रेताची कांडी तिला भरायचो. या कांड्या द्रव नायट्रोजनच्या जारमध्ये ठेवाव्या लागतात. जार दिसायला दुधाच्या किटलीसारखा, पण आत थंडी अशी की बोट घातलं तर बोट गेलंच. झाकण उचललं की पांढरी वाफ बाहेर पडते, म्हणून गाव मला 'धुराचा डाक्टर' म्हणे. मी डॉक्टर नव्हतो. पण ज्याच्या हातात बॅग आणि पायात बूट तो कळसमध्ये डॉक्टरच असे, आणि मीही ती समजूत फार जोर लावून दूर केली नाही.

गाव माझं कन्हेरी, बारामतीजवळचं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात पगारी नोकरीला लागलेला मी पहिला. कळसला खोली शोधायला निघालो तेव्हा दोन घरांत मला आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग खोली कालच दिल्याचं कळलं. तिसरं घर आक्कांचं. त्यांनी आडनाव विचारलं नाही, माझ्या हातात दोर दिला.

"ती शेळी बांधा बरं."

मी बांधली. ट्रेनिंगमध्ये शिकवलेली गाठ होती, जनावरानं ओढली तर आवळत नाही आणि माणसानं शेपटी ओढली तर झटक्यात सुटते. आक्कांनी ती ओढून पाहिली, सोडून पाहिली. "ह्येला बांधाया येतंय. ऱ्हावा," असं त्या मला नव्हे, शेळीला म्हणाल्या. मग मीच होऊन सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत, मागाहून बोलणं नको. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आमी मेंढरामागचं लोक. आमाला तरी कोण गावात उतरू देत हुतं? खोलीचं दार खाली घासतंय, तेवढं उचलून लावत जावा." ते दार मी तिथं होतो तोवर उचलूनच लावलं.

आक्का साठीच्या पुढच्या असाव्यात. उंच, काळ्यासावळ्या, सरळ पाठीच्या, नऊवारी लुगडं घट्ट कासोटा घालून नेसलेलं, कपाळावर हिरवं गोंदण. त्यांच्या सासरी मोठा कळप होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं, असं त्यांचं निम्मं आयुष्य रस्त्यावर गेलं. पुढं रानाला कालव्याचं पाणी लागलं, मेंढरं विकली, ऊस आला, सिमेंटचं दोन खोल्यांचं घर आलं. मालक गेले. मुलगा पुण्याला नोकरीला लागला. सगळं थांबलं, पण आक्का काही थांबायला तयार नव्हत्या.

मी राहायला गेलो त्याच वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी उठून बघतो तर घरातली भांडी अंगणात. फडताळ रिकामं. आक्का कांबळ्यांच्या वळकट्या बांधत होत्या.

"आक्का, कुठं निघालात?"

"कोकणात."

मी घाबरलो. "कशानं? कुणाबरोबर?"

"हितंच, अंगणात," त्या म्हणाल्या. "घराला वाटतंय आपुन कायमचं बसलो. त्येला दरसाली सांगावं लागतंय."

आणि खरोखर त्यांनी अंगणाच्या टोकाला, बाभळीखाली, तीन दगडांची चूल मांडली. पाल टाकलं. दाराला कुलूप लावलं. पाण्याचा तांब्या आत राहिला होता, तर तो आणायला त्या आत गेल्या नाहीत. "ऱ्हायलं ते ऱ्हायलं, मागं फिरायचं न्हाय," म्हणाल्या आणि शेजाऱ्यांकडून दुसरा मागून आणला. भाडेकरूचं बिऱ्हाडही हलवलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मी दोन दिवस हसलो आणि तिसऱ्या दिवशी माझी गादी घेऊन बाभळीखाली गेलो. खोटं कशाला सांगू, इतकी छान झोप मला त्या खोलीत कधी लागली नव्हती. पंधरवड्यानं आक्कांनी पाल उतरवलं, दार उघडलं, उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि "आलो बाबा," असं त्या घराला म्हणाल्या.

अंतर त्या मुक्कामांत मोजत. बारामती? "दीड मुक्काम." लोणी भापकर? "चांगला दोन मुक्काम, आन् मधी पाणी न्हाय." एसटीत त्या कधी सीटवर बसल्या नाहीत, सामान जिथं ठेवलं असेल तिथं, त्याला टेकून खाली बसायच्या. कंडक्टर म्हणायचा, "आजी, सीट मोकळी हाय." त्या म्हणायच्या, "माझी हाय का? माझं तर हे गठुडं हाय." एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. मला सीटवर बसायची लाज वाटली आणि मीही इंदापूरपर्यंत गठुड्याशेजारी उकिडवा बसून गेलो.

या माणसाच्या अंगणात मी नवी मोटरसायकल आणली, हेच माझं चुकलं म्हणायचं. तोवर मी सायकलवर हिंडत होतो. मागच्या कॅरिअरला जार, आणि गाय माजावर आलेली असताना वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी दोन हातांनी सायकल उचलायचो. गाडी घ्यायची ठरली तेव्हा इंदापूरच्या एका वेल्डिंगवाल्याला जारसाठी पिंजरा करायला सांगितला होता. साधा नाही; खाली स्प्रिंग, आत रबर, वर कडी, असा की गाडी आदळली तरी जार उभाच राहिला पाहिजे. कारण जार आडवा झाला की नायट्रोजन सांडतो, आणि मानेला तडा गेला तर जारच संपला. पिंजऱ्याशिवाय गाडीवर जार न्यायचा नाही, हा नियम मला पुस्तकानं शिकवला होता. पण पिंजरा येईपर्यंत गाडीवर मी एकटा बसू नये, असं कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं?

ते आक्कांनी सांगितलं. गाडीला नंबर मिळाला नव्हता म्हणून ती बारामतीहून सोसायटीच्या परतीच्या टेम्पोतून उतरली होती. मी किल्ली हातात खेळवत उभा होतो. आक्का गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. चाकं दाबली. सीट दाबली. मग हात पुढं केला. "किल्ली द्या."

"का?"

"लादलीया का अजून? घोडं आधी लादायचं, मग त्येच्यावर बसायचं. पयल्या दिशी रिकामं हिंडलं की त्येला वाटतंय आपला जलमच वरातीसाठी हाय. मग लादाया गेलं की लाथा घालतंय."

"आक्का, ही गाडी आहे."

"मग मी काय म्हशीबद्दल बोलती?"

किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत गेली. तुम्ही म्हणाल, चोवीस वर्षांचा गडी, मागून घ्यायची. मागितली की. रोज मागितली. मला ती गाडी घेऊन कन्हेरीला जायचं होतं. आमच्या वस्तीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा होता, आमच्या दादांनी म्हणजे वडिलांनी दारात येऊन पाहायला हवं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मोटरसायकली फक्त वाटेच्या कडेला उभं राहून पाहिल्या होत्या. हे सगळं मी आक्कांना सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या, डोळ्याला पदरही लावायच्या, आणि म्हणायच्या, "जावा की. पिंजरा आला की पयले तितंच जावा." इंदापूरचा वेल्डिंगवाला दर खेपेला म्हणे, "स्प्रिंग येतीय बारामतीवरनं." ती स्प्रिंग बहुतेक चालत येत असावी.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. "बांधून ठिवलेलं घोडं बुजतंय, त्येला गाव दाखवून आणा," असं एके दिवशी आक्कांच्या मनात आलं. म्हणजे काय? तर गाडी हातानं ढकलत गावातून फिरवायची, पुढं आक्का. मी ती ढकलली. चावडीपाशी शेजारचे तात्या बसले होते. तात्या म्हणजे आक्कांच्या भावकीतले थोरले, गावात काय शोभतं आणि काय शोभत नाही याचा हिशेब त्यांच्याकडं असायचा. ते म्हणाले, "काय डाक्टर, पंक्चर?"

"नाही."

"प्याट्रोल संपलं?"

"नाही."

"मग?"

"घोड्याला गाव दाखवतोय," मी म्हणालो. तात्या त्यानंतर आठवडाभर मला बघितलं की जिभेनं टकटक आवाज काढत असत.

पूजेचाही प्रश्न निघाला. आक्का भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि गाडीपाशी थबकल्या. "तुमच्यात चालत न्हाय ना?"

"नाही आक्का. आम्ही नारळ-लिंबू करत नाही."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग वळल्या आणि तो हळदीचा भंडारा दारातल्या रस्त्यावर उधळला. "गाडी तुमची हाय. रस्ता तर माझा हाय न्हवं?"

आता त्या सकाळबद्दल सांगतो.

नायट्रोजन हवेत सारखा उडत असतो. बारामतीच्या केंद्रावरून दर पंधरवड्याला गाडी येऊन आमचा जार भरून जायची. त्या खेपेला गाडी आलीच नाही. एक दिवस वाट पाहिली, दुसरा दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जारमध्ये लाकडी पट्टी घालून बाहेर काढली. पट्टीवर जिथवर पांढरं दव धरतं तितका नायट्रोजन. दव अगदी टोकाला, दोन बोटं. सोसायटीच्या फोनवरून केंद्राला विचारलं. गाडी नादुरुस्त, उद्या-परवा बघू, असं उत्तर आलं.

दुपार कलली की जार कोरडा पडणार होता. म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. कांड्या मरणार होत्या, आणि मेलेली कांडी दिसायला जिवंत कांडीसारखीच असते. भरली तरी कुणाला कळत नाही. तीन आठवड्यांनी गाय उलटते, पुन्हा माजावर येते, शेतकरी म्हणतो गायीचंच काहीतरी बिघडलंय. अशा मेलेल्या कांड्या भरून वर्षानुवर्षं नोकरी केलेले लोक मी पाहिले होते. मला तसं करायचं नव्हतं. आणि कांड्या टाकून देऊन 'माझ्याकडं आता काही नाही' असं गावाला सांगायचं, तर आधीच निम्मं गाव म्हणत होतं की गावठी वळू बरा, ही धुराची भानगड कशाला. त्या आठवड्यात माजावर येणाऱ्या गायींची एक फळी उभी होती. एवढ्यात मी रिकाम्या हातानं दिसलो असतो तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

एसटीच्या थांब्यावर गेलो. कंडक्टरनं वाफ बघितली आणि म्हणाला, "हे घेऊन वर पाय ठिवायचा न्हाय. बाँब हाय का काय म्हाईत." सायकलवर बारामती म्हणजे वाटेतच सगळं उडून गेलं असतं. मी परत अंगणात आलो. गाडी खुंटीला बांधलेली. पिंजरा इंदापुरात. पिंजऱ्याशिवाय जार न्यायचा तर वाटेत सांडायची भीती, न न्यायचा तर दारातच मरणार. मी आक्कांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गाडी काढायची की नाही हे माझं मलाच ठरवायचं होतं, पण किल्ली त्यांच्याकडं होती.

त्या उठल्या. किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मग आत जाऊन जेन घेऊन आल्या. जेन म्हणजे लोकरीचं जाड, जड अंथरूण, घोड्याच्या पाठीवर घालायचं. "व्हा बाजूला. मी लादती."

मला हायसं वाटलं. उभी हयात या बाईनं घोडे लादले होते. त्यांच्यात पुरुष मेंढरांमागं आणि बाया घोड्यांमागं. भांडी, पाल, कोंबड्या, दमलेली कोकरं, रांगती पोरं, सगळं रोज सकाळी बायांनी घोड्यावर चढवायचं आणि रोज संध्याकाळी उतरवायचं. पुण्याचा मुलगा घाटात जन्मला, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला घोड्यावर बांधून त्या चालायला लागल्या होत्या. आता त्यांनी जेन सीटवर घातली, मधे जार उभा केला, चारी बाजूंनी कांबळी कोंबली आणि दोर गाडीच्या पोटाखालून घेऊन अशा गाठी मारल्या की मला वाटलं, झालं काम. गाडी चालू केली. अंगणातच एक फेरी घेतली.

पहिल्या वळणाला जार कलला आणि वाफेचा लोट बाहेर आला. दुसऱ्या वळणाला करपल्याचा वास सुटला. दोर सायलेन्सरवर जळत होता. मी थांबलो. आक्कांनी वाकून गाडीखाली पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"डाक्टर, ह्येला प्वाटच न्हाय वो," त्या म्हणाल्या. "प्वाटाबिगर लादायचं कसं?"

आता कुंपणापाशी माणसं जमली होती, त्यात तात्याही होते. आक्का जारकडं बघत उभ्या होत्या. मग त्यांनी सगळे दोर सोडले, लुगड्याचा काष्टा पुन्हा ओढून घट्ट केला, पदर खोचला आणि सीटवर थाप मारून मला म्हणाल्या, "तुमी बसा म्होरं. मी मागं बसती. किटली माझ्या मांडीवर."

"आक्का, तुम्ही गाडीवर कधी बसलाय का?"

"घोड्यावर बी न्हाय बसले कदी. लादलं, हाकलं, चालले. आज बसती."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं घोड्यांमागं काढून ही बाई एकदाही घोड्यावर बसली नव्हती. साठीची बाई, खड्ड्यांचा रस्ता, मांडीवर गोठवणारा जार, आणि चालवणारा मी, ज्याचा हात अजून बसलेला नव्हता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण त्यांच्याकडं बघितलं आणि ठरवलं, जायचं. त्या वयात मी घेतलेला तो एकच निर्णय असा आहे की ज्याच्यावर मी अजून खूश आहे.

"झाकण दाबू नका," मी सांगितलं. "वाफेला वाट लागते. आणि उभाच धरा."

"दम कोंडंल त्येचा. म्हाइती हाय. कोकरू बी आसंच न्यायचं." त्यांनी जेन मांडीवर घेतली, गडीमाणसासारखी टांग टाकून बसल्या, आणि दोन्ही हातांच्या वेढ्यात जार धरला.

तेव्हा तात्या पुढं आले. "आक्का, ह्या वयात हे शोभतं का? आन् कुणाच्या मागं बसतायसा, काय इचार?"

ते काय म्हणत होते ते मला कळलं, तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. आक्कांनी मान वळवली, आवाज चढवला नाही.

"तात्या, माझ्या मांडीवर गावच्या गायांची वासरं हायती. तुमच्या बी गायीचं हाय ह्यात. तुमी बसता का धरून? बसा, मी उतरती."

तात्या मागं सरले. आक्का मला म्हणाल्या, "हाक लेकरा." त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

बारामतीचा तो रस्ता मी नंतर शेकडो वेळा केला, पण त्या दिवसासारखा नाही. आक्का मागून सारख्या बोलत होत्या. मला नाही, जारला. "आलंच आता. गप ऱ्हा. खड्डा हाय, घाबरायचं न्हाय." कालव्याच्या पुलाच्या चढाला त्यांनी माझ्या पाठीत कोपर मारलं. "थांबव. चढाला घोड्यावर बसत न्हाईत, त्येला दम लागतोय." मी कितीही सांगितलं की इंजिनाला दम लागत नाही, तरी त्या उतरल्याच. जार कडेवर घेऊन चढ चालून गेल्या आणि वर जाऊन पुन्हा बसल्या. घाई होती, जीव टांगणीला लागला होता, तरी मला हसू आवरेना.

केंद्रावर पोचलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात आखडले होते. जार काढून घ्यायला मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. आतल्या साहेबांनी पट्टी घातली, बाहेर काढली. टोकाला दव होतं. जेमतेम करंगळीच्या नखाएवढं, पण होतं. "वाचल्या," साहेब म्हणाले. "सगळ्या जिवंत आहेत."

आक्का मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मीही रडलो, लपवलं नाही. साहेब गोंधळून गेले. जार काठोकाठ भरून देत ते मला म्हणाले, "या आजी कोण? यांना एसटीनं जाऊ दे. जार उद्या आमची दुसरी गाडी पोचवेल."

आक्का डोळे पुसत उठल्या. "आणलं कुणी? मग नेणार बी मीच," म्हणाल्या.

पण बारामतीतून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "कन्हेरी कुठल्या अंगाला?" मी म्हणालो, उशीर होईल. "आता किटली भरलीया. आन् गाडी लादलीया. आता जायचं."

मी वस्तीच्या तोंडाशी हॉर्न वाजवला. दादा दारात आले. त्यांनी गाडी पाहिली, मला पाहिलं, माझ्या मागं टांग टाकून बसलेली, मांडीवर धूर घेतलेली बाई पाहिली. माझ्या आईनं पाणी आणलं. आक्कांनी जार सोडला नाही. "पाजा," म्हणाल्या, आणि आईच्या हातून ओंजळीनं नाही, तांब्याला तोंड लावून पाणी प्यायल्या. मग दादांना म्हणाल्या, "पोरगं तुमचं चांगलं हाय. बांधाया शिकलंय. लादाया मी शिकवीन." दादांनी गाडीच्या सीटवर नुसता हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

परतताना आक्का गप्प होत्या. ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना ऊस. मला वाटलं, झोप लागली. हळू केली तर मागून आवाज आला.

"धनी आमचं म्होरकं हुतं. घोडीवर बसून म्होरं जायाचं, मुक्कामाची जागा बघाया. परत येऊन सांगायचं, जवळच हाय गं, चला. आन् आमी दिवसभर चालायचो, पाय सुजायचं, तरी यायचं न्हाय. मी मनात लई शिव्या दिल्या त्यास्नी. खोटारडा म्हणायची." मांडीवरचा जार त्यांनी सावरून धरला. "खोटं न्हवतं बोलत, बिचारं. वर बसलं की समदं जवळच दिसतंय."

त्या हंगामात आमच्या गायी फळल्या. उलटल्या त्या इतक्या थोड्या, की ज्या गावांनी मला कधी हाक मारली नव्हती तिथूनही निरोप यायला लागले. तात्यांची गाय गाभण राहिली तेव्हा ते आक्कांकडं पेढे घेऊन आले आणि मलाही पुडीतून काढून एक दिला. टकटक आवाज काढणं मात्र त्यांनी सोडलं नाही, पण आता त्यात कौतुक होतं असं मला वाटतं.

पिंजरा त्यानंतर आठेक दिवसांनी तयार झाला. इंदापूरला जाऊन बसवून आणला. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. जार त्यात असा बसला की गाडी उडवली तरी थेंब सांडू नये. मी मोठ्या ऐटीत अंगणात आलो. "आक्का, आला बघा तुमचा पिंजरा. झालं ना आता खोगीर?"

आक्का गाडीभोवती फेरी मारून आल्या. कडी हलवून पाहिली, स्प्रिंग दाबून पाहिली. "झ्याक हाय," म्हणाल्या. मग पिंजऱ्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. तो मागच्या सीटवर, अगदी मधोमध बसवलेला होता.

"आता मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा इंदापुरात वेल्डिंगवाल्याच्या दारात होतो. पिंजरा काढ आणि एका अंगाला घे, म्हणालो. तो चिडला. इतके दिवस मागं लागून केलेला, मापात बसलेला पिंजरा. एका अंगाला घेतला तर गाडी ओढेल, बघायलाही वंगाळ दिसेल. "मागं कोण एवढं राजाराणी बसणार हाय?" त्यानं विचारलं.

"आहे एक," मी म्हणालो. "तू काप."